आधी कुणी आवळलं?

ब्रॅकेट दुसऱ्यांदा तुटलं तेव्हा ठिणगीचा भाऊ म्हणाला, "वेल्ड कच्चा." ठिणगीचा नवरा म्हणाला, "वेल्डच कच्चा." एरवी आज वार कोणता यावरही या दोघांचं एकमत होत नसे.

ठिणगी ही त्या गल्लीतली वेल्डर. हे नाव तिला कामावरून पडलं की जिभेवरून, याबद्दल लोकांत दोन मतं होती. एकाच शेडमध्ये पुढच्या बाजूला तिचा थोरला भाऊ इंजिनं खोलायचा, मागच्या बाजूला नवरा गिअरबॉक्स उघडायचा आणि मधे भिंतीला टेकून तिचं वेल्डिंग मशीन. मोटार आत आली की तिचं नाक भावाकडे आणि शेपूट नवऱ्याकडे.

सध्या आत होती ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेची म्हातारी मोटार. तिच्या इंजिनाला आणि गिअरबॉक्सला खालून जोडणारं एक वीतभर लांबीचं लोखंडी ब्रॅकेट होतं. एक टोक इंजिनाला दोन बोल्टांनी, दुसरं गिअरबॉक्सला दोन बोल्टांनी. दोघांनी वेगवेगळ्या तालावर थरथरू नये, एवढंच त्याचं काम. मूळचं ब्रॅकेट गंजून गेलं, बाजारात तसं मिळेना, म्हणून ठिणगीनं जुन्याच्या मापानं नवं जोडून दिलं. ते तुटलं. दुसरं दिलं, तेही तुटलं.

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "आता तुटलं तर मी वेल्डर बदलणार. मी एकाच चुकीला दोनदा लाल शाई वापरत नाही, तरी तुला वापरली."

ठिणगीला रात्रभर ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. सकाळी तिनं दोन्ही तुटकी ब्रॅकेट तारेच्या ब्रशनं घासून उजेडात धरली. तिचा वेल्ड दोन्हींवर जसाच्या तसा होता. भेग गेली होती बोल्टांच्या भोकाजवळून, वेल्डपासून चांगली दोन बोटं लांब. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! पण एक ब्रॅकेट इंजिनाच्या टोकाला तुटलं होतं आणि दुसरं गिअरबॉक्सच्या. हे का?

"दादा, पहिलं ब्रॅकेट बसवताना आधी कुणी आवळलं?"

"मी!" भाऊ छाती काढून म्हणाला. "माझी बाजू फिट करून मी चहाला गेलो, तेव्हा भावोजींना पानाच सापडत नव्हता."

"आणि दुसरं?"

"दुसरं मी," नवरा म्हणाला. "मेव्हणे अंघोळीला असतानाच माझं काम संपलं होतं."

ठिणगीनं कपाळाला हात लावला. ज्यानं आधी आवळलं, त्याच्याच बाजूला मोडलं होतं. पहिला आपलं टोक घट्ट करून मोकळा व्हायचा. दुसरं टोक जागेवर नीट टेकत नसलं, तर दुसरा ते बोल्टानं ओढून बसवायचा. मोटार सुरू होण्याआधीच ब्रॅकेट धनुष्यासारखं ताणलेलं. वर रोजची थरथर. बिचारं किती सोसणार?

"लोखंडाच्या जागी मी असते तर आधीच मोडले असते," ती म्हणाली. "चला, दोघंही गाडीखाली. एकाच वेळी."

"एकाच वेळी? भावोजींच्या पोटासकट?"

"मेव्हणे, जागा माझ्या पोटाला नाही, तुमच्या तोंडाला कमी पडेल."

शेवटी दोघं डोक्याला डोकं लावून आडवे झाले. ठिणगीनं तिसरं ब्रॅकेट दिलं. "चारही बोल्ट नुसते बोटांनी. पान्याला हात लावाल तर याद राखा."

बोल्ट लागले. मग गाडीखाली एकदम शांतता पसरली. या शेडमध्ये ती काही चांगली खूण नव्हती.

"अगं," नवरा हळूच म्हणाला, "माझ्या बाजूला फट आहे."

"काडी जाईल एवढी," भाऊ म्हणाला. "ठिणगी, माप कुणाचं होतं गं?"

माप तिचंच होतं. जुन्या, गंजून वाकलेल्या ब्रॅकेटवरून तिनं ते काटेकोर उतरवलं होतं, वाकडेपणासकट. तिन्ही वेळा. गाडीखालून दोघांचं हसू एकाच सुरात आलं. सासर आणि माहेर पुन्हा एका पक्षात गेलं होतं, तेही पुन्हा तिच्याविरुद्धच.

"हसा, हसा," असं म्हणत तिनं पत्र्याचा तुकडा कापला, कानशीनं घासला, फटीत घालून पाहिला, पुन्हा घासला. तुकडा अलगद बसला. मग तिच्या शब्दावर दोघांनी आळीपाळीनं थोडं थोडं आवळलं. "दादा, पाव फेरा. आता तुम्ही, पाव. दादा, पुढे पळू नको!"

बाई मोटार घेऊन गेल्या. पुढचे कित्येक दिवस गल्लीत कुठलाही हॉर्न वाजला की ठिणगीच्या हातातला वेल्डिंगचा रॉड थबकायचा. शेवटी एका दुपारी मोटार दारात उभी राहिली. ठिणगी आधी गाडीखाली वाकली, मग तिनं बाईंना नमस्कार केला. ब्रॅकेट जागच्या जागी होतं, भोकांजवळ केसाएवढीही भेग नव्हती.

"घाट चढून उतरून आले," बाई म्हणाल्या. "मग चूक कुणाची होती?"

भाऊ आणि नवरा एकदम छताकडे बघू लागले. दोघांची नावं सांगणं सोपं होतं, आणि अर्धं खरंही होतं.

"यांनी ओढून बसवलं, पण माप माझं चुकलं होतं, बाई. वेल्ड नव्हता चुकला."

बाईंनी चष्मा नाकावर पुन्हा वर सरकवला.

"मग वेल्डर कशाला बदलू? तू फूटपट्टी बदल."