नवरीची गाडी कोण चालवणार?

हायरी काकांच्या घरात पंधरा दिवस एकच वाद धुमसत होता. कोराय या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं. हॉल ठरला, जेवण ठरलं, ढोल-सनईवाले ठरले. घोडं अडलं होतं ते नवरीच्या गाडीपाशी. जर्मनीत, आमच्या गेल्झेनकिर्शेन शहरातल्या तुर्की वस्तीत नवरीला न्यायला येणारी गाडी म्हणजे मुलाकडच्यांचं नाक. मागून भले चाळीस गाड्या भोंगे वाजवत येवोत, लोक बघतात ती पहिली. ती केवढ्याची, कुठून आणली, आवाज कसा होता, यावर गल्लीत आठवडाभर चर्चा चालते. नवरीनं काय घातलं होतं ते लोक विसरतात, गाडीचा रंग विसरत नाहीत.

धाकटा तोल्गा एकोणीस वर्षांचा. हीटर बसवायचं काम शिकत होता आणि गेल्या वर्षी परवाना मिळाल्यापासून आईची जुनी छोटी गाडी फिरवत होता. त्यानं हट्ट धरला, दादाची वरात मीच नेणार आणि सहाशे अश्वशक्तीच्या गाडीतून नेणार! अशा गाड्या एस्सेन शहरात दिवसाच्या भाड्यानं मिळतात. तोल्गाच्या वयाच्या मुलाला कुणी देत नाही, पण त्यावरची तोड सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर सही थोरल्या चुलतभावानं करायची आणि किल्ली धाकट्यानं घ्यायची. असं सगळेच करतात, म्हणून त्याला कुणी लबाडी म्हणत नाही.

"अरे, लग्न आहे का शर्यत?" आई, गुल्तेन काकू, रोज विचारायच्या.

"आई, तुला त्यातलं नाही कळायचं. आताच्या गाड्या सगळं स्वतःच सांभाळतात. घसरायला लागली तर आपली आपण सावरते."

"मग तुझी गरज काय? तिला एकटीलाच पाठव की नवरीला आणायला!"

हायरी काका अशा वेळी मुलाची बाजू घ्यायचे. "जाऊ दे गं. घरातलं पहिलं लग्न आहे. पोरगा काय कच्चा आहे?" काकांचं तरुणपण जमिनीखाली कोळशाच्या खाणीत गेलं. वर आल्यावरही आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतली. आपला मुलगा त्या काळ्या कुळकुळीत गाडीतून उतरतोय आणि सगळी गल्ली बघतेय, एवढं चित्र त्यांना डोळे भरून बघायचं होतं. बापाचं हे मन समजतं. पण समजलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तोल्गा गाडी आणायला गेला. एस्सेनहून येताना झिमझिम पाऊस होता. हमरस्त्याला लागायच्या वळणावर त्यानं पायाला जरासा जोर दिला, आईच्या गाडीत देतो तेवढाच. गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर गेला. स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी हातात नव्हती. ती गरगरत तीन पदर ओलांडून गेली आणि तोंड उलट्या दिशेला करून थांबली. समोरून ट्रक येत होता. ट्रकवाला म्हातारा, सावध माणूस असावा; त्यानं लांबूनच वेग आवरला होता. तो खाली उतरला, तोल्गाकडे बघितलं, डोकं हलवलं आणि परत चढून निघून गेला. गाडीला ओरखडाही नव्हता.

तोल्गा घरी आला तो थेट न्हाणीघरात गेला. जेवायला बसला नाही. मित्रांनी खिडकीखाली येऊन गाडीचे फोटो काढले, शिट्ट्या मारल्या, त्यानं वरूनच हात हलवला. सांगणार कुणाला? पंधरा दिवस ज्या गाडीसाठी घर डोक्यावर घेतलं, तिची भीती वाटते असं कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या तीच गाडी चालवायची होती, आणि मागे बसणार होते दादा आणि वहिनी. हे आम्हाला सगळं नंतर कळलं. त्या वेळी त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी वरात मेल्तेमच्या दारात पोचली. मेल्तेम म्हणजे नवरी. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली ढोल घुमत होता, आणि जिन्यात आम्ही दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या बुटांवर पाय देत उभे होतो. रीत अशी की मुलीचा भाऊ आतून दार अडवतो आणि मुलाकडच्यांनी पाकीट दिल्याशिवाय नवरीला सोडत नाही. त्यावर थोडी घासाघीस, थोडी थट्टा आणि मग दार उघडतं. मेल्तेमला सख्खा भाऊ नाही, म्हणून दाराचा मान तिच्या आत्याला, नाझिफेबाईंना मिळाला होता. या बाई वीस वर्षं आमच्या भागात गाडी चालवायला शिकवतात. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच रस्त्यावर आणलंय, तोल्गालासुद्धा.

दार कडी लावून बोटभर उघडलं. नाझिफेबाईंचं नाक दिसलं.

"काय आणलंय?"

हायरी काकांनी हसत पाकीट आत सरकवलं. ते तसंच बाहेर आलं.

"कमी पडलं वाटतं! मुलीकडची माणसं महाग आहेत हो!" कुणीतरी ओरडलं. जिना हसला. काकांनी आणखी एक पाकीट पुढे केलं. तेही परत आलं.

"पैसे नकोत, व्याहीबुवा. खाली जी काळी गाडी उभी आहे, तिची किल्ली द्या."

"किल्ली?" काकांना वाटलं थट्टाच चाललीये. "गाडी भाड्याची आहे हो, तुम्हाला कशी देऊ?"

"मला नकोय ती. ती गाडी खालीच राहील आणि तोल्गा ती चालवणार नाही. हे कबूल असेल तर दार उघडते."

हसणं विरलं. कोराय आपल्या बापाकडे बघायला लागला, आणि तोल्गा तर लालबुंद झाला.

"आत्या, परवाना आहे माझ्याकडे! तुम्हीच शिकवलंत! पहिल्याच फटक्यात पास झालो!"

"झालास. मलाच आनंद झाला होता. पण मी तुला छोटी गाडी शिकवली बाळा. छोटी गाडी मास्तरीण असते. चूक केलीस तर आधी कान धरते, मग माफ करते. ही खालची गाडी कान धरत नाही. एकदम निकाल लावते."

"माझे हात-डोळे तुमच्यापेक्षा चपळ आहेत."

"आहेतच. पाय तर त्याहून चपळ आहे, तीच तर भानगड आहे! पन्नाशीचा माणूस मूर्ख नसतो असं मी म्हणत नाही. पण त्याच्या पायानं थोड्या चुका बघितलेल्या असतात. तुझ्या पायाला अजून काहीच माहीत नाही."

आता हायरी काकांचा पारा चढला. खाली चाळीस गाड्या ताटकळत होत्या, ढोलवाला तोच तोच ठेका धरून कंटाळला होता, पोरं हे सगळं फोनवर टिपत होती. "नाझिफेबाई, हा चक्क अपमान आहे! माझी आई घोड्यावरून सासरी आली होती. नवरी थाटातच न्यायची असते. ही आपली रीत आहे!"

"घोड्यावरून आली ना? किती घोडे होते?"

"एक. का?"

"आणि लगाम कुणाच्या हातात होता?"

"मामाच्या. तो पुढं पायी चालत होता."

"एक घोडा, तोही पावलापावलानं, आणि लगाम पिकल्या केसांच्या माणसाच्या हातात. ही तुमची रीत. इथं सहाशे घोडे आहेत आणि लगाम एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात. ही कुठली रीत, सांगा बरं! तुम्ही खाणीत उतरलात तेव्हा पहिल्याच महिन्यात तुम्हाला कोळसा फोडायच्या यंत्रावर बसवलं होतं का?"

"नाही. आधी सामान वाहायला लावलं. पण ती खाण होती, बाई! ही वरात आहे!"

"खाणीत माणसाला जपायचं आणि वरातीत जपायचं नाही, असं आहे का?"

"उगाच अभद्र बोलू नका. काही होत नाही."

"झाल्यावर सांगायला आले तर ते वरातीमागून घोडं. म्हणून आत्ता सांगतेय."

काकांनी वळून तोल्गाच्या खांद्यावर हात टाकला, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलले. "हा माझा मुलगा! काल एवढी मोठी गाडी एकट्यानं एस्सेनहून आणली. पावसातून! एक ओरखडा नाही! विचारा त्याला! सांग रे, सांग यांना!"

सगळ्यांच्या माना तोल्गाकडे वळल्या. त्यानं 'हो' म्हटलं असतं तर तिथंच वाद मिटला असता. बाईंना हटावं लागलं असतं, दार उघडलं असतं. त्याचे ओठ हललेही. पण बापाचा हात खांद्यावर होता आणि त्या हाताचं वजन त्याला पेलेना.

"बाबा, काल मी मरता मरता वाचलो."

"काय?"

"वळणावर गाडी फिरली. गरगर फिरली, बाबा! मी उलट्या तोंडानं रस्त्याच्या मधोमध होतो आणि समोरून ट्रक आला. मी काहीच केलं नाही. ट्रकवाल्यानं वाचवलं. मी फक्त पोटाशी स्टिअरिंग धरून बसलो होतो." तो रडायला लागला. लग्नाच्या कपड्यांत, सगळ्या मित्रांसमोर, लहान मुलासारखा. "काल दादा न् वहिनी मागे असते तर?"

जिन्यात कुणी हसलं नाही. ज्यांचे फोन वर होते त्यांनी ते खाली केले. गुल्तेन काकूंनी तोंडावर पदरासारखा हात धरला होता आणि त्या हाताआडून नुसते डोळे दिसत होते.

हायरी काकांनी हातातली पाकिटं खिशात कोंबली. मग मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मग रात्री सांगितलं का नाहीस, वेड्या?"

"तुम्ही एवढे खूश होतात."

या चार शब्दांनी त्या कणखर माणसाचं पाणी पाणी झालं. आपल्या आनंदापायी पोरगा भीती गिळून बसला, आज तीच गाडी घेऊन पुन्हा रस्त्यावर उतरला, आणि आपणच त्याची पाठ थोपटत होतो! काकांनी मुलाच्या खिशातून किल्ली काढली.

"खाणीत पहिल्या दिवशी मुकादमानं मला एकच गोष्ट सांगितली होती," ते दाराच्या फटीकडे बघत बोलले. "म्हणाला, भीती वाटली तर लगेच सांग. जो सांगत नाही तो एकटा मरत नाही, सगळ्यांना घेऊन मरतो. मी हे तीस वर्षं पाळलं. पण घरी पोरांना कधी सांगितलं नाही." आणि त्यांनी किल्ली आत दिली.

कडी निघाली. नाझिफेबाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि तोल्गाला जवळ ओढलं. "रडतोस कशाला? आज तू मला परीक्षेपेक्षा चांगला वाटलास."

"पण मग नवरी जाणार कशातून?" मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न खरा होता. बाकीच्या गाड्या माणसांनी आणि बोचक्यांनी गच्च भरल्या होत्या.

आतून मेल्तेमचा आवाज आला. रीतीप्रमाणे कमरेला नवरीची लाल फीत बांधून ती केव्हाची उभी होती. "आत्याच्या गाडीतून. आणि चालवेल तोल्गाच."

"वहिनी, मी?"

"हो, तूच. आज मी तुमच्या घरी येतेय. तुला काही झालं असतं तर मी पहिल्याच दिवशी सासूबाईंना कुठल्या तोंडानं भेटले असते? तू खरं बोललास. माझा विश्वास आहे तुझ्यावर. शिवाय त्या गाडीत आत्याच्या पायापाशीही ब्रेक आहे!"

आता मात्र जिना खदखदून हसला. काळ्या गाडीवरची फुलं उतरवून शिकवणीच्या पांढऱ्या गाडीवर चढवली. टपावर शाळेची पाटी तशीच राहिली, ती निघेना. तिलाच कुणीतरी फुलांची माळ गुंडाळली. वाटेत शेजारच्या गाडीतली पोरं काच खाली करून ओरडली, "सहल कुठं चाललीय रे? डबे घेतलेत ना?" तोल्गाची कानशिलं तापली, पण पाय जागेवरच राहिला. शेजारी बसलेल्या आत्यांना आपला ब्रेक एकदाही दाबावा लागला नाही. त्यांनी हॉलवर हे सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, आणि हायरी काकांनी त्यांच्याहून जास्त कौतुकानं.

मंडळी, हसण्यावारी गेलं म्हणून ही गोष्ट लहान समजू नका. आमच्या शेजारच्या शहरात दोन वर्षांपूर्वी अशीच एक वरात निघाली होती. तिथं दार अडवणाऱ्यानं पाकीट घेतलं आणि दार उघडलं. त्या नवऱ्याच्या धाकट्या भावालाही कदाचित आदल्या दिवशी भीती वाटली असेल. आता त्याला विचारायची सोय नाही.

आमच्या वस्तीत त्या लग्नापासून रीत थोडी बदलली आहे. मुलीकडचे दार अडवतात तेव्हा पाकीट घेतातच, कारण गंमत हवी. पण त्याआधी विचारतात, गाडी कुणाच्या हातात आहे? सगळेच विचारतात असं नाही. काही घरांत अजूनही चिडतात. तरी प्रश्न विचारला जातो, हे काही कमी नाही.

सरकार परवाना वय बघून देतं. वेगवान गाडीची किल्ली मात्र घर देतं, कधी लाडानं, कधी नाकापायी. ती देण्याआधी पोराला 'चालवता येते का?' असं विचारू नका. 'हो' असंच उत्तर येईल. विचारायचं ते हे, की बाळा, भीती वाटली तर आम्हाला येऊन सांगशील ना? आणि आपलं घर असं आहे का, जिथं त्याला ते सांगता येईल? याचं उत्तर मिळेपर्यंत किल्ली आपल्याच खिशात राहू द्या.