घोट्यावरची सूज

अकोला-अमरावती गाडीवर जानराव ड्रायव्हर आणि गोवर्धन कंडक्टर, ही जोडी अकरा वर्षं टिकली होती. म्हणून मूर्तिजापूरच्या स्टँडवर बुटात पाय शिरेना, तेव्हा जानरावांनी घोटा दाखवला तो त्यालाच. बोट दाबलं की खळगा पडत होता.

"बीपीची नवी गोळी लागल्यापासून असं होऊन राहिलं. कोनाले सांगू नको."

"मी कायले सांगतो?" गोवर्धन म्हणाला.

चौथ्या दिवशी आगारप्रमुख साहेबांनी जानरावांना आगारात थांबवून घेतलं. पाय सुजतात, म्हणजे ड्रायव्हरचं हृदय कमकुवत आहे, असा अर्ज आला होता. तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग बंद. अर्जाखाली गोवर्धनची सही होती. जानरावांची कानशिलं तापली.

अमरावतीच्या डॉक्टर दीपमालाबाईंनी ईसीजी काढला, सोनोग्राफीवर हृदय पाहिलं. "हृदय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

"मंग ही सूज?"

"गोळीची. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवते. स्नायू सैलावतात, वाहिनी रुंद होते, दाब उतरतो. या जातीच्या काही गोळ्या हृदयाचे ठोकेही हळू करतात. तुमची मुख्यतः वाहिन्यांवरच चालते. पण रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या जास्त उघडतात, परत नेणाऱ्या तेवढ्या नाहीत. मग पाणी घोट्यात झिरपतं."

त्यांनी डोस निम्मा केला, जोडीला दुसरी गोळी दिली. दोन आठवड्यांनी सूज उतरली, दाबही आटोक्यात राहिला. फिटनेसचा दाखला घेऊन जानराव आगारात गेले. गोवर्धन ड्युट्या लावणाऱ्या कंट्रोलरच्या टेबलाशीच उभा होता.

"मले भेव वाटलं गड्या," तो खाली पाहत म्हणाला. "चाळीस मानसं मांग बसतात."

"भेव वाटलं त मले म्हनाचं होतं, दवाखान्यात चाल. मी आलो असतो. तू माह्या पाठीमांग कागद देल्ला. आन् त्याच्यानंतर दोन दिवस माह्या गाडीत तिकिटं फाडली, हासून बोलला."

गोवर्धनची भीती खरी असेलही, हे जानरावांना कळत होतं. पण तेवढ्यानं मनातलं दुखणं कमी होत नव्हतं. त्यांनी कंडक्टर बदलून मागितला.

"कारण काय लिहू?" कंट्रोलरनं विचारलं.

"लिवा, इश्वास नाही."

गोवर्धनदेखत त्यांनी सही केली आणि गाडी फलाटावर लावायला गेले.