हिरवा पट्टा

“मॅडम, पट्टा म्हणजे काय, शेवटी कापडच ना? बांधा ना आमच्या रुचिराला!” सोसायटीचे सेक्रेटरी निलेश साळगावकर चपला घालूनच मॅटवर आले होते.

दर्शनाच्या डोक्यात तिडीक गेली. वाकोल्यातल्या या हॉलमध्ये ती नऊ वर्षं कराटे शिकवत होती. कुणाची हळद निघाली की मॅट गुंडाळा, कुणाचं बारसं आलं की पोरांना गच्चीवर न्या, आणि वर “आवाज कमी करा” आहेच! कुरिअर कंपनीतली बरी नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला, तेव्हा आई म्हणालीच होती, “दर्शे, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस गं तुला!”

“अहो साळगावकर, ती परीक्षेत नापास झालीय. वळताना तोल जातो तिचा. अजून तीन महिने द्या, मी करून घेते.”

“पलीकडच्या गल्लीतला सर सहा महिन्यांत ब्राऊन बेल्ट देतो.”

‘मग धाडा ना तिला त्याच्याकडेच!’ हे अगदी ओठांवर आलं होतं. दर्शनाने ते गिळलं.

“हॉल जिमवाल्याला द्यायचं चाललंय कमिटीत. मीच अडवून धरलंय,” साळगावकर जाता जाता म्हणाले. “बघा बुवा. तुम्ही समजदार आहात.”

समजदार! दर्शनाला संताप संताप झाला. पण चाळीस पोरं होती. अर्धी तर नाल्यापलीकडच्या वस्तीतली. हा हॉल गेला तर त्यांना दुसरा कोण दारात उभं करणार होता?

रविवारी पट्टे द्यायचा कार्यक्रम झाला. पट्टा मागायचा नसतो, मॅडमनी आपल्या हाताने बांधायचा असतो, ही तिच्या क्लासची रीत. रुचिरापुढे गुडघ्यावर बसून ती हिरवा पट्टा बांधू लागली.

“मॅडम, पण माझं वळणं चुकलं होतं ना?” अकरा वर्षांची पोर हळूच म्हणाली.

“गप उभी राहा गं!” दर्शना खेकसली. साळगावकर मोबाइलवर फोटो काढत होते. हॉल वाचला होता.

मंगळवारी क्लास भरला. पोरं पट्ट्याप्रमाणे रांगा लावून उभी राहिली, हिरवे पुढे, त्यांच्यामागे केशरी, मग पिवळे, पांढरे. रुचिरा आली. कमरेला हिरवा पट्टा होता. ती हिरव्यांची रांग ओलांडून मागे गेली आणि केशरी पट्टेवाल्यांमध्ये, आपल्या जुन्या जागी, उभी राहिली.

“ए रुचू, पुढे जा ना!” साळगावकर दारातून ओरडले.

“नको पप्पा. मला अजून वळता येत नाही.”

कुणी हसलं नाही. सगळी पोरं दर्शनाकडे बघू लागली. ज्याने त्याने आपापल्या रांगेत उभं राहायचं, हा नियम तिचाच. चुकलेल्याला ती दंडाला धरून जागेवर नेत असे. आज मात्र ती जागची हलली नाही.

“नमस्कार,” शेवटी ती कशीबशी म्हणाली.

चाळीस पोरं कमरेत वाकली. दर्शनाही वाकली. पोरं सरळ झाली, तरी तिची मान वर येईना.