होरायझन सरळ आहे

दत्तप्रसादनी व्हॅक्युम क्लीनरची नळी विमानातून काढलेल्या जुन्या होरायझन-यंत्राच्या मागच्या भोकात खुपसली, भोवती चिंधी गुंडाळली आणि बटण दाबलं. क्लीनर बोंबलायला लागला. काचेमागची पांढरी रेष दोनचारदा डुगडुगली आणि मग शहाण्यासारखी आडवी, स्थिर झाली.

यशोदा ओसरीवर आमसुलं उलटवत होती. नवऱ्याचा हा उद्योग तिनं पाहिला आणि पुढचं आमसूल उलटवलं. लेक परत येईपर्यंत या माणसाला हाताला काहीतरी चाळा हवाच होता.

चोवीस वर्षं हवाई दलात विमानांची यंत्रं दुरुस्त करून दत्तप्रसाद जामसंड्याला परतले होते. आता कातळाच्या उघड्या सड्यावरच्या लहानशा फ्लाइंग स्कूलची चार विमानं त्यांच्याच हाताखालून जायची. लेक अक्षयाही तिथंच शिकत होती. आज तिचं पहिलं एकटीचं लांबचं उड्डाण. महामार्गाच्या रेषेवरून बांद्यापर्यंत जायचं आणि किनाऱ्याकाठानं परत यायचं. सव्वाचारला उतरायचं होतं. सकाळी आभाळ लख्ख होतं. आता चार वाजत आले होते आणि समुद्रावर वैशाखातलं पांढरं धुकट इतकं दाटलं होतं की पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं.

त्याची त्यांना फार काळजी नव्हती. अक्षया सात वर्षांची असताना त्यांनी तिला अंगणात भोवरा फिरवून दाखवला होता. फिरतो तोवर भोवरा आपला कणा सोडत नाही. होरायझनच्या पोटातही तसाच भोवरा, वाऱ्याच्या झोतावर गरगरणारा. विमान कलतं, भोवरा कलत नाही, म्हणून काचेवरची रेष खरं क्षितिज दाखवते. आणि तेव्हापासून एकच धोशा: धुक्यात माणसाचं अंग खोटं बोलतं. कललेलं असून सरळ वाटतं. अंगाचं ऐकायचं नाही, रेषेचं ऐकायचं.

त्यांनी क्लीनर बंद केला. आता आतला भोवरा नुसत्या गतीवर फिरत राहणार. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक होरायझनला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. बेअरिंग झिजलं असेल तर घरघर येते, चांगलं असेल तर काहीच नाही. पुस्तकात लिहिलंय की घड्याळ लावा, भोवरा थांबायला किती मिनिटं लागतात ते मोजा; चांगला असेल तर आठ-दहा तरी लागतात. घड्याळ नवशिक्यांसाठी, असं दत्तप्रसाद सगळ्यांना ऐकवायचे. त्यांचा कान घड्याळापेक्षा खरा होता, आणि ते स्कूलमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

काहीच आवाज नव्हता. वीस वर्षं माळ्यावर पडून होता बिचारा, तरी अजून ठणठणीत. त्यांना बरं वाटलं.

"अहो, हो आवाज कसलो?" यशोदानं ओसरीवरून विचारलं.

"खंयचो?"

"तुमच्या हातातलो. जात्यात खडो गेल्यासारखो."

त्यांनी डोळे उघडले. मूठ पुन्हा हाडावर दाबली, दुखेपर्यंत दाबली. काही नाही. यशोदा हात पुसत आत आली आणि दारातच थांबली.

"इतको खरखरता," ती म्हणाली. "तुमका ऐकाक येना नाय?"

 रेष काचेमागे गचके खात एका बाजूला पडली. दीड मिनिटही झालं नव्हतं.

टीव्हीचा आवाज मोठा, फोन नेहमी स्पीकरवर, हात मोकळे राहतात म्हणून. यशोदा दोनदा हाक मारते ते कामात असल्यामुळे. सगळ्याला त्यांच्याकडे कारण होतं. आणि शुक्रवार. शुक्रवारी अक्षयाच्या विमानाचा होरायझन त्यांनी असाच तपासला होता, डोळे मिटून, घड्याळ खिशात ठेवून. ती शेजारीच उभी होती.

"बाबा, कायतरी घासता तसा वाटता माका," ती म्हणाली होती.

त्यांनी तिला झापलं होतं. चार दिवस विमान उडवून माझ्या कानावर संशय घेतेस? ती ओशाळून हसली होती आणि त्यांनी कागदावर सही केली होती. आपल्या कानांपेक्षा तिनं बापाचं ऐकलं. तेच तर तिला शिकवलं होतं.

दत्तप्रसादनी फोन उचलला. स्कूलचा नंबर तिसऱ्यांदा नीट लागला. दीपिका मॅडम, तिथल्या मुख्य प्रशिक्षक, रेडिओपाशीच होत्या. धुकट अचानक आलं, अक्षया मालवणच्या पुढे समुद्रावर आहे, बाहेर काही दिसत नाही म्हणाली पण घाबरलेली नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मॅडम, तिला म्हणावं होरायझनवर कागद चिकटव. वळणाचा काटा आणि होकायंत्र, एवढंच बघ."

"का? शुक्रवारी तुम्हीच पास केलाय."

यशोदा समोर उभी होती. दत्तप्रसादनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मला ऐकू येत नाही, मॅडम. न ऐकताच सही केली."

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज यशोदाला आला, त्यांना नाही. ते तसेच फोन धरून बसले होते, तिनं तो हातातून काढून घेतला.

मंदावलेला भोवरा एकदम पडला तर बरं, निदान कळतं. पण विमानात तो हळूच ढळतो, आणि रेष त्याच्याबरोबर सरकते. ती सरळ ठेवायला वैमानिक विमान थोडं कलतं करतो, मग अजून थोडं. आपण सरळ चाललोय अशा समजुतीत तो चकरा मारत खाली येतो. असे दोन अहवाल दत्तप्रसादनी नोकरीत वाचले होते.

पाच मिनिटांनी फोन वाजला.

"सांगितलं मी तिला," दीपिका मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली, काही बिघाड नाही, होरायझन अगदी सरळ आहे. बाबांनीच तपासलाय म्हणाली. मी पुन्हा सांगायला गेले तर उत्तर नाही. हाका मारतेय अजून."

दोघं घराबाहेर आली. अंगणापुढे सडा तुटतो आणि खाली समुद्र. आज खाली, वर, समोर सगळं एकाच रंगाचं होतं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"यशोदा, आवाज येता काय बघ."

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला, कान मोकळे केले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं हात वर केला.

"येता."

दत्तप्रसाद पुढे झाले. "खंयसून?"

 डोळे मिटून तिनं तोंड दक्षिणेकडे, मालवणच्या बाजूला केलं होतं. ते हळूहळू समुद्राकडे वळलं, समुद्रावर थोडं थांबलं आणि परत दक्षिणेकडे गेलं. मग पुन्हा समुद्राकडे. या वेळी जरा लवकर.

"सरळ येना नाय," ती म्हणाली. "फिरता."

दत्तप्रसादनी तिचा हात धरला. समोर बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.