दर्शनबाबाच्या शालीतली डिस्क

"बा महाराजा, या कोऱ्या डिस्कमधून गेलेल्या माणसाला बोलव रे महाराजा!" दर्शनबाबाने गाऱ्हाणं घातलं.

"व्हय महाराजा!" आरे-वारेजवळच्या त्या वाडीतली झाडून सगळी माणसं ओरडली.

बाबाने डिस्क शालीत गुंडाळली, मंत्र पुटपुटला आणि ती प्लेअरमध्ये सारली. टीव्हीवरच्या ढगांतून सगुणाचा बोटीवर वारलेला नवरा वर आला. खाली अक्षरं उमटली : 'सगुणे, सुया टोचून घेऊ नको. मी सांभाळतो.'

त्या दिवसापासून सगुणाने इन्सुलिन बंद केलं. पायाची जखम चिघळली. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"तुज्या बापाचा शब्द मोडू काय गो?" ती लेकीला विचारायची.

लेक, अक्षया, रागाने नुसती धुमसत होती. ते ढग तिच्या चांगल्या ओळखीचे होते. भावाच्या लग्नाची डिस्क तिने घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच बनवली होती, तेव्हा हेच ढग निवडले होते. पूजेला म्हणून बाबाने बापाचा फोटो आठवडाभर ठेवून घेतला होता, आणि सुयांचं रडगाणं आईनेच त्याला ऐकवलं होतं. आता बाबाला नुसतं उघडं पाडून तिचं समाधान होणार नव्हतं. त्याला चारचौघांत रडवायचं होतं.

पुढच्या बैठकीत गोदूबाईची पाळी होती. तिने आपल्या कोऱ्या डिस्कला भक्तिभावाने कुंकवाचं बोट लावलं. बाबाने डिस्क शालीत घेतली, आणि तेवढ्यात अक्षया केस मोकळे सोडून घुमायला लागली. अंगात आलेल्या बाईला अडवणार कोण? खुद्द बाबानेही हात जोडले. अक्षयाने पदराआडची डिस्क प्लेअरमध्ये घातली.

ढगांतून दर्शनबाबाच वर आला. फोटोला हार, खाली अक्षरं : 'मी परवा वारलो. सगुणे, इन्सुलिन घे.'

माणसं एकदा टीव्हीकडे बघत, एकदा घामाघूम झालेल्या बाबाकडे.

अक्षयाने शांतपणे केस बांधले. "अंगात काही आलेलं नाही. कॉम्प्युटरबरोबर एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. फोटो टाकायचे, ढग निवडायचे, खाली हवी ती अक्षरं लिहायची, बटण दाबायचं. चहा होईस्तोवर डिस्क तयार! मेलेलाही येतो आणि जिवंतही."

"कोरी डिस्क सगळ्यांनी बघितली ना गो?" गोदूबाई म्हणाली.

अक्षयाने बाबाची शाल खसकन ओढली. खाली दोन डिस्क पडल्या. एकीवर कुंकवाचं बोट होतं. दुसरी घरूनच भरून आणलेली.

बाबा दाराकडे सटकला. दारात सगुणा उभी होती.

"माज्या घोवाच्या तोंडात तुजं बोलणं घातलंस, मेल्या?" तिने त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"बसवा त्याला," अक्षया म्हणाली. "पोलीस येईपर्यंत त्याचं मरण त्यालाच दाखवा. आणि तुम्हीही ऐका. डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं धरू नका. कसं केलं, कुणी केलं, ते आधी विचारा."

"व्हय महाराजा!" सवयीने कुणीतरी ओरडलं.

"व्हय नको! विचारा!"

सगुणा लंगडत खुर्चीवर टेकली. तिने पदर बाजूला करून दंड पुढे केला. "सुई आण गो," ती म्हणाली.