कुंडीतलं तीर्थ

"आंटी, पानी ज्यादा दे रिए हो आप," नर्सरीवाल्यानं पिवळं पान उजेडाकडे धरून सांगितलं.

मीनाताईंना ते पटलं नाही. पाण्याच्या बाबतीत त्यांचा हात मुळात आखडता. "नहीं भैया, एक दिन छोड़के देती हूँ. वो भी बस एक कटोरी."

"तो फिर नमक होगा. किनारी देखो, जली हुई है. आरओ का फेंकने वाला पानी तो नहीं डाल रहे?"

आता मात्र त्या ओशाळल्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची काटकसर त्यांचीच. तरी चोर सापडला याचं बरंच वाटलं. टावर चौकातून ऑटोनं घरी येताना ते पान त्यांनी पिशवीत जपून धरलं होतं.

गुडघ्यांपायी नानाखेड्याचं घर विकून नवरा-बायको दोघं या फ्लॅटमध्ये आली होती. घराबरोबर फाटकाजवळचा ब्रुगमॅन्सियाही गेला. धोतऱ्याच्या जातीचं झाड, तसंच विषारी. पण फुलं खाली तोंड करून लोंबायची म्हणून घरात त्याला घंटेचं झाड म्हणत. श्रीधररावांनी रेल्वेत असताना पचमढीहून ओल्या रुमालात गुंडाळून त्याची काडी आणली होती. संध्याकाळी वास सुटला की ते अंगणातून हाक मारायचे, "मीना, बाहेर ये गं, सुटला वास." दिवसभर अबोला असला तरी ही हाक कधी चुकली नाही. नवा मालक गाडीसाठी झाड तोडणार असं कळल्यावर मीनाताई जाऊन काड्या कापून घेऊन आल्या. काही कुजल्या, दोन जगल्या. भरपूर ऊन देवघराशेजारच्या खिडकीतच यायचं, म्हणून कुंड्या तिथं ठेवल्या होत्या. यातली एक तरी फुलावी आणि ती हाक पुन्हा ऐकू यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पाणी बदललं तरी पानं पिवळी पडतच राहिली. इंदूरहून मुलीचा, शर्वरीचा फोन आला.

"आई, पानांच्या मागे किडे बघ. आणि इतकं टेन्शन नको ना घेऊ, मी नवीन मागवून देते. ऑनलाइन सगळं मिळतं."

"मला नवीन नको गं."

भिंग लावून पाहिलं तर पानं मागून स्वच्छ होती. मग त्यांनी चमच्यानं माती उकरली. नासलेल्या दुधाचा आंबूस भपकारा आला, वर पांढुरकी बुरशी होती आणि कुंडीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. म्हणजे देवाच्या अभिषेकाचं पाणी. ते मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं, ही घरातली रीतच होती. पण चमचाभर दूध आणि चिमूटभर साखरेनं अख्खी कुंडी आंबत नाही. दूध अलीकडे पुरत नव्हतं, आणि त्यावरून त्या दूधवाल्याला उगीचच बोलल्या होत्या, हेही त्यांना आठवलं.

दुसऱ्या दिवशी श्रीधररावांची पूजा आटोपल्यावर त्या भाजीला निघाल्या. मंडईत पोचल्यावर पिशवी विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून परतल्या. श्रीधरराव पुन्हा सोवळं नेसून, ओल्या केसांनी कुंडीत तांब्या रिकामा करत होते.

"अहो, हे काय करताय?"

"पूजा. आज जरा लेटच झालं. तू उठवलंच नाहीस." त्यांनी तबकातल्या जास्वंदीकडे बोट दाखवलं. "कालची फुलं बघ, कशी ताजी राहिलीत."

फुलं तासाभरापूर्वी त्यांनीच वाहिली होती. हरवणारा चष्मा, पुन्हा पुन्हा विचारलेला वार, सगळं मीनाताईंनी आजवर वयावर ढकललं होतं. ही पानं ढकलू देत नव्हती.

"पूजा झाली आहे तुमची," त्या हळूच म्हणाल्या.

श्रीधरराव थबकले. तांब्याकडे, देवाकडे, मग बायकोकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात कुणापुढे न घाबरलेला माणूस एवढासा झाला. ते मीनाताईंना बघवेना.

त्या दुपारी ते झोपले असताना मीनाताईंनी दोनपैकी बऱ्या काडीची मुळं धुतली, नव्या मातीत लावली आणि कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली. मग शर्वरीला फोन केला.

"तिकडच्या चांगल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे. अगं, झाडासाठी नाही. बाबांसाठी."

फोन ठेवला तोच बाथरूममधून तांब्याचा आवाज आला. मग देवघरात घंटी वाजली. मीनाताई उठल्या, पण या वेळी अडवायला नाही. देवघराशेजारी राहिलेल्या कुंडीत आता एक सुकी काडी तेवढी उभी होती. श्रीधररावांनी तिच्यावर दुधाचं पाणी सावकाश ओतलं.

"पानं गेली, पण काडी जिवंत आहे हं," ते म्हणाले. "येतील परत." मग त्यांनी पळी उचलली. "घे, तीर्थ घे. सकाळपासून घेतलंच नाहीस तू."

मीनाताईंनी हात पदराला पुसला आणि ओंजळ पुढे केली.