चित्रापुढचा दोर

मी एक जुना मखमली दोर आहे. कलादालनातल्या सर्वांत मोठ्या चित्रापुढे, दोन पितळी खांबांच्या मध्ये मी टांगलेला असतो. मित्रांनो, लोकांना थोपवणे हे माझे काम आणि काळजी करणे हा माझा स्वभाव. चित्राजवळ कुणी नुसते खोकले, तरी माझ्या जिवाचे पाणी पाणी होते.

एका कारागिराने सुताला पीळ देऊन मला वळले, वर लाल मखमल चढवली आणि दोन्ही टोकांना आकडे शिवले. तेव्हा पाहुणे चित्राआधी माझेच कौतुक करत. पुढे मखमल विरली, रंग विटला आणि एका आकड्याचे टाके उसवले. राखणदार मामा रोज म्हणत, "उद्या शिवतो." तो उद्या काही उजाडत नव्हता.

मला सर्वांत धास्ती शाळेच्या मुलांची. एकदा एका शाळेची मुले आली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने सगळी दालने भराभर उरकून गेली, आणि जाता जाता एकाने खाऊने माखलेली बोटे चित्राच्या चौकटीला पुसली. आमचे प्रमुख साहेब खवळले. "पुन्हा असं झालं, तर शाळांना दार बंद," असे त्यांनी सांगून टाकले.

त्यानंतर पुन्हा एक वर्ग आला, तेव्हा साहेब स्वतः हाताची घडी घालून दारात उभे होते. मी आणि माझे उरलेसुरले टाके देवाचे नाव घेत होतो. पण या वर्गाच्या बाईंची तऱ्हाच निराळी होती. त्यांनी मुलांना फिरवलेच नाही. थेट माझ्यापुढे जमिनीवर बसवले आणि म्हणाल्या, "आज एकच चित्र. हात मागे, डोळे पुढे."

चित्रात एक स्वयंपाकघर आहे. टेबलाशी आजी आणि नातू बसले आहेत. तिसरी खुर्ची रिकामी आहे.

"आजी रागावलीय," एक मुलगा म्हणाला.

"कशावरून?" बाईंनी विचारले.

तो गडबडला. पुन्हा निरखून म्हणाला, "नाही बाई, भुवया वर गेल्यात. घाबरलीय ती."

एवढी वर्षे मीही तिला रागीटच समजत होतो.

"बाई, गप्पूला काहीतरी सांगायचंय," कुणीतरी म्हणाले. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून त्या मुलीचे हे नाव पडले होते.

"तिसरं माणूस आत्ताच उठून गेलंय," गप्पू पुटपुटली. "त्याच्या कपातून वाफ येतेय. थांबा, नीट बघते."

ती उठली, हात मागेच ठेवून माझ्यावरून वाकली, आणि टाके तुटले. आकडा फरशीवर खणकन आपटला. गप्पू तोल जाऊन पुढे गेली. तिचे नाक चित्राला टेकणार, एवढ्यात ती थांबली. संपले सगळे, मला वाटले.

गप्पू सावकाश मागे सरकली. हात अजून पाठीशीच होते.

"वाफच आहे, बाई," ती म्हणाली.

साहेब धावत आले आणि मला उचलायला वाकले. त्यांचे कोपर चित्राच्या अगदी जवळ गेले.

"काका, जरा मागे या ना, हात लागेल," पुढे बसलेला एक चिमुरडा म्हणाला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी आपल्या कोपराकडे पाहिले. ते मागे आले आणि मुलांमध्येच मांडी घालून बसले. बराच वेळ चित्र बघून त्यांनी गप्पूला विचारले, "मग गेलं कुठे ते माणूस?"

आता बहुतेक दर आठवड्याला एखादा वर्ग येतो. मामांनी मला शिवलेही आहे. पण माझी काळजी काही सुटली नाही. पूर्वी मुले येतील म्हणून जीव घाबरायचा. आता आठवडा रिकामा गेला की घाबरतो.

मित्रांनो, चित्रांना जपा. पण जपायचे म्हणजे नुसते लांब राहायचे असे नाही. या, बसा, नीट बघा. चुकलात तर पुन्हा बघा. बघायला कुणी आलेच नाही, तर मी थोपवायचे तरी कुणाला?